"मनात तसं काही नव्हतं" यावर, बंड्याला

प्रिय बंड्या,

काल फोनवर आपण दोघंही एकाच वेळी बोलत होतो त्यामुळे कोणाचंच कोणाला ऐकू गेलं नाही, आणि वहिनींनी मागून जेवायला हाक मारल्यावर तू जो फोन ठेवलास तो ठेवलासच, परत काही केला नाहीस. म्हणून लिहितोय. लिहिण्यात एक बरं आहे, तुला मधे तोंड घालता येत नाही.

आधी तुझं म्हणणं मीच मांडतो, नंतर म्हणायला नको की याने ऐकूनच घेतलं नाही. तुझा भाचा इथे बरोड्यात आमच्या सोसायटीत भाड्याने राहणाऱ्या त्या टांझानियाच्या मुलाला कालिया म्हणतो, तो एकटा नाही, पार्किंगमधे क्रिकेट खेळणारी सगळी पोरं म्हणतात, सुरुवातीला तो मुलगा पण हसायचा. त्या मुलाला डेंग्यू झाला तेव्हा रात्री स्कूटीवर मागे बसवून दवाखान्यात नेणारा तुझा भाचाच होता, बाकी सगळे दार लावून झोपले होते. म्हणजे त्याच्या मनात काळं गोरं काही नाही, आणि मनातच नाही तर ती शिवी कशी. आणि शेवटी तुझं ते ठेवणीतलं, "मला शाळेत अख्खा वर्ग काळ्या म्हणायचा, मी मेलो का?"

बरोबर ना? काही राहिलं असेल तर सांग.

डेंग्यूचं शंभर टक्के खरं. दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन गेलो तर तुझा भाचा बाहेर बाकड्यावर झोपलेला आणि हातात त्या मुलाचे प्लेटलेटचे रिपोर्ट, तसेच धरलेले. त्यामुळे पोरगा वाईट आहे असं मला म्हणायचंच नाहीये, तू काल उगाच तसं समजून अंगावर आलास.

पण तुझ्या ताईंनी तुला जी गोष्ट सांगितली त्यातला एक तुकडा गळलाय. त्यांना माहीत नसेल, मी तिथे होतो म्हणून मला माहीत. उत्तरायणच्या जरा आधी, एका रात्री मॅच संपल्यावर सगळे पाणी पीत उभे होते आणि मी गाडीचं काहीतरी बघत होतो, तेव्हा त्या मुलाने तुझ्या भाच्याला बाजूला घेऊन सांगितलं, "भाई, वो नाम मत बोलो ना, मेरा नाम है." बस एवढंच. आवाज चढवला नाही, रागावला नाही, उलट जरा लाजल्यासारखाच झाला होता. भाच्याने खांद्यावर हात टाकला आणि म्हणाला, अरे प्यार से बोलते हैं यार. आणि दुसऱ्या दिवशी बॉल त्याच्याकडे फेकताना परत, "चल कालिया, यॉर्कर डाल." बाकीची पोरं हसली. त्याने ती ओव्हर टाकली, पूर्ण टाकली, आणि त्यानंतर तो खाली खेळायला आलाच नाही.

बंड्या, माझं सगळं भांडण या दोन रात्रींच्या मधलं आहे. पहिल्या रात्रीपर्यंतचा तुझा भाचा मला पूर्ण मान्य, त्याला कोणी कधी सांगितलंच नव्हतं, आपल्या घरांमधे कोण सांगतं, टीव्हीवर गोरं व्हायच्या क्रीमच्या जाहिराती बघत पोरं मोठी होतात आणि सोसायटीत कोणीही सावळा दिसला की हेच नाव. तेव्हा त्याच्या मनात प्रेम होतं हे मी कोर्टात पण सांगेन. पण दुसऱ्या रात्री त्याला माहीत होतं. माहीत असून म्हटलं. आता तू परत मला सांगणार की मनात तसं काही नव्हतं, तर मग मनात काय होतं ते सांग ना. माझ्या मते होतं ते एवढंच की तुला काय वाटतं त्यापेक्षा मला हे म्हणायला मजा येते ते जास्त महत्त्वाचं. हा पण हेतूच झाला की. द्वेष नसेल, पण हेतू आहे.

आपण हेतू म्हणजे छातीच्या आत ठेवलेली काहीतरी वस्तू समजतो, जी फक्त बोलणाऱ्याला दिसते, आणि तो म्हणेल ती खरी. मला ते पटत नाही. समोरच्याने नको म्हटल्यावर माणूस काय करतो तिथे हेतू दिसतो, बघायला दुसरी जागाच नाही.

तो हसायचा म्हणतोस. वेस्ट इंडीजचा क्रिकेटर डॅरेन सॅमी पण हसायचा. आयपीएलमधे सनरायझर्स हैदराबादकडून खेळायचा तेव्हा त्याला आणि श्रीलंकेच्या थिसारा परेराला टीममधले काही जण काळू म्हणायचे आणि सॅमीला वाटायचं की दमदार, ताकदवान असा काहीतरी अर्थ असणार, तो पण त्यांच्याबरोबर खूश. २०२० च्या जूनमधे, अमेरिकेत पोलिसाच्या हातून जॉर्ज फ्लॉइड गेल्यानंतर सगळं जग त्याच विषयावर बोलत होतं तेव्हा, त्याला खरा अर्थ कळला, आणि त्याने व्हिडिओ टाकून सांगितलं की ज्यांनी मला हे म्हटलं त्यांनी माझ्याशी बोलावं. लोकांनी आपल्याच एका बॉलरची २०१४ ची पोस्ट शोधून काढली, फोटोखाली उघड तेच नाव लिहिलेलं. तुझ्या बाजूने बघायचं तर त्यात तुझा मुद्दा आहे, मनात खोट असती तर कोणी असं चारचौघात लिहिलं असतं का, मला पण नाही वाटत. पण पुढे काय झालं ते बघ. काही दिवसांनी सॅमीने सांगितलं की त्यातल्या एकाशी माझं बोलणं झालं, त्याने प्रेमाने म्हटलं होतं असं सांगितलं आणि माझा त्याच्यावर विश्वास आहे. विषय तिथे मिटला. हेतू तिथे कामाला आलाच, मी कुठे नाही म्हणतो, पण तो सांगितला कोणी आणि कोणाला? ज्याने म्हटलं त्याने, ज्याला लागलं त्याला, आणि विश्वास ठेवायचा की नाही ते सॅमीने ठरवलं. इथे उलटं चाललंय. तुझ्या भाच्याचा हेतू किती चांगला होता ते तू मला सांगतोयस, ताई सेक्रेटरींना सांगतायत, सेक्रेटरी ग्रुपवर सांगतायत, आणि त्या मुलाला आजपर्यंत कोणी जाऊन काहीही सांगितलेलं नाही. अरे तिसऱ्या मजल्यावर राहतो तो, लंडनला नाही.

आता तुला आवडणार नाही अशी गोष्ट काढतो, खरं तर आवडायला पाहिजे. ऑक्टोबर २००७, रिलायन्सच्या ग्राउंडवर ऑस्ट्रेलियाची वनडे. आपण १४८ मधे गुंडाळलो गेलो होतो, मिचेल जॉन्सनने पाच काढल्या, कॉलेज बुडवून उन्हात बसलेले आपण दोघं आणि मॅचमधे बघण्यासारखं काही उरलंच नव्हतं. अँड्र्यू सायमंड्स बाउंड्रीजवळ आला की मागून माकडाचे आवाज. आठवतंय ना? आपल्या मागच्या रांगेत ते चौघं पाच जण होते, एकाच्या तोंडाला तिरंगा फासलेला. तू मागे वळून म्हणालास, "ए भाई, बस ने हवे." ते म्हणाले मस्ती करीए छीए यार. तू म्हणालास, तुम्हाला मस्ती आहे, त्याला विचारलंत का. मला अजून लक्षात आहे कारण मला वाटलं आता आपण दोघं मार खाणार.

नंतर माहीतच आहे, सुरुवातीला इथे कोणी मानायलाच तयार नव्हतं की असं काही झालं, मग आठवडाभरात मुंबईत वानखेडेवर तेच झालं आणि तिथे काहींना बाहेर काढलं. मग जानेवारी २००८ मधे सिडनी टेस्ट, हरभजनने सायमंड्सला माकड म्हटल्याचा आरोप. मॅच रेफरी माइक प्रॉक्टरने तीन टेस्टची बंदी घातली, अपिलात जस्टिस हॅन्सनने वंशभेदाचा आरोप काढून टाकला आणि नुसत्या शिवीगाळीसाठी निम्मी मॅच फी कापली, आणि आपल्या देशाला केवढा आनंद झाला की माकड नाही म्हटलं, आईवरून शिवी दिली होती! असा आनंद साजरा करणारे आपण जगात एकटेच असू. सायमंड्सने नंतर स्वतःच सांगितलं की त्या प्रकरणानंतर त्याची घसरण सुरू झाली, दारू वाढली. २०२२ मधे गाडीच्या अपघातात गेला बिचारा. आता सिडनीच्या त्या मैदानावर नक्की काय बोललं गेलं तो वाद चालू राहू दे, मला त्यात पडायचं नाही, पण बरोड्याच्या स्टँडमधे काय झालं ते आपण दोघांनी आपल्या कानाने ऐकलंय.

आणि मग २०२१ चा जानेवारी, परत सिडनी, आपला सिराज बाउंड्रीवरून चालत येऊन अंपायरला सांगतो की प्रेक्षक शिव्या देतायत, खेळ थांबतो, पोलीस सहा जणांना स्टँडमधून बाहेर नेतात. त्या दिवशी आपल्या शाळेच्या ग्रुपवर तू काय काय लिहिलं होतंस ते मी परत लिहीत नाही, पोस्टमन वाचेल. पण एक गोष्ट बघ, त्या दिवशी ग्रुपवर एकानेही विचारलं नाही की त्या प्रेक्षकांचा हेतू काय होता, बिअर पिऊन मस्ती करत असतील, मनात तसं काही नसेल. कोणाच्या डोक्यातच आलं नाही. हेतूचा प्रश्न आपल्याला तेव्हाच पडतो जेव्हा बोलणारा आपला असतो.

तुझं "काळ्या" राहिलं. ते मी टाळत नाहीये, त्यावर मी रात्री बराच वेळ विचार केला. तुला वर्ग काळ्या म्हणायचा आणि तू मला ढापण्या म्हणायचास, त्या जोश्याच्या पोराला बटाटा म्हणायचास, हिशोब सुटत होता. त्या मुलाने तुझ्या भाच्याला काय म्हणायचं? एकदा त्याने प्रयत्न केला होता, काहीतरी त्याच्या भाषेत म्हणाला, सगळे अजूनच हसले. त्याच्याकडे उलट मारायला काहीच नाही. आणि तू काळ्या होतास म्हणून तुला कोणी भाड्याने खोली नाकारली नाही. (लग्नाच्या वेळी मुलीकडच्यांनी रंगावरून काय म्हटलं होतं आणि तू दोन दिवस जेवला नव्हतास ते मी वहिनींना आजपर्यंत सांगितलेलं नाही, सांगणार पण नाही, पण मेलो का असं मला विचारू नकोस.)

आणि घाटी? तुझा तो मुंबईचा शेठ. चांगला माणूस आहे असं तूच सांगतोस, दिवाळीला पाकीट देतो, बाबा आजारी होते तेव्हा रजा दिली, पगार कापला नाही. तो गिऱ्हाइकासमोर तुला "अमारो घाटी" म्हणतो. हसत म्हणतो. त्याच्या मनात प्रेम आहे हे तुला माहीत आहे, आणि तरी गेल्या गणपतीत आल्यावर सूरसागर तलावाच्या पाळीवर बसून तू मला तासभर तेच सांगत होतास की डोकं फिरतं रे. मी तेव्हा तुला म्हटलं का की त्याचा हेतू बघ?

आमच्या ऑफिसात एक सिद्दी गृहस्थ आहेत, भरूचकडचे, रतनपूरचे, बावा गोरच्या दर्ग्याजवळच गाव. पूर्वज आफ्रिकेतून आले त्याला शेकडो वर्षं झाली, घरात गुजराती, स्वप्न पण गुजरातीत पडत असतील. स्टेशनवर रोज कोणीतरी त्यांना इंग्लिशमधे विचारतो कुठल्या देशाचे, आणि त्यांनी गुजरातीत उत्तर दिलं की लोक खूश होऊन हसतात, फोटो काढू का म्हणतात, एखादा हबसी म्हणून पण जातो, सहज, ओळख सांगितल्यासारखं. मी त्यांना आपलं प्रकरण सांगितलं, नाव न घेता. त्यांनी चहा संपवला आणि म्हणाले, "दानत तो बधानी सारी ज होय छे भाई, थाकुं छुं हुं." म्हणजे हेतू तर सगळ्यांचा चांगलाच असतो, थकतो तो मी. यावर मला काही बोलता आलं नाही. तुला सुचलं तर कळव.

तू कायद्याचं पण काढलंस, गुन्हा आहे का हा म्हणून. मला माहीत आहे तेवढं सांगतो. जातीवरून बोलण्याबद्दल १९८९ चा अॅट्रॉसिटीचा कायदा आहे, त्याच्या तिसऱ्या कलमात मजेशीर गोष्ट आहे. एका पोटकलमात मुद्दाम, हिणवण्याच्या हेतूने अपमान केला तर असं लिहिलंय, आणि लगेच पुढच्यात चारचौघात जातीच्या नावाने शिवीगाळ केली तर एवढंच, तिथे हेतू हा शब्दच नाही. म्हणजे कायदा करणाऱ्यांना पण हा प्रश्न पडलेलाच होता. पण तो दलित आदिवासींसाठी आहे. अरुणाचलचा निदो तानिया २०१४ मधे दिल्लीत लाजपत नगरमधे मारहाणीनंतर गेला, सुरुवात दुकानात त्याच्या केसांवरून मस्करी करण्यापासून झाली होती, त्यानंतर सरकारने बेझबरुआ कमिटी नेमली आणि तिने वंशावरून चिडवण्याविरुद्ध कायद्यात बदल सुचवले. असो. मला पोलीस बिलीस नकोच आहेत यात, एकोणीस वर्षाचं पोर आहे.

कायद्यापेक्षा मला आपल्याच गावातली गोष्ट जास्त छळते. कमाटी बाग. १९१७ मधे बाबासाहेब सयाजीरावांच्या नोकरीत इथे आले, परदेशात शिकून आलेला माणूस, आणि राहायला जागा मिळेना, पारशाच्या खानावळीत नाव बदलून राहिले तर लोक काठ्या घेऊन आले. ते काठीवाले सोड, त्यांचा हेतू उघडच होता. पण त्यानंतर त्याच दिवशी ते दोन मित्रांकडे गेले होते, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. एक हिंदू, एक ख्रिश्चन. हिंदू मित्राला वाईट वाटलं, पण म्हणाला तू घरी आलास तर माझे नोकर निघून जातील. ख्रिश्चन मित्र म्हणाला बायको उद्या येतेय, तिला विचारावं लागेल. दोघांच्या मनात काडीची खोट नव्हती. बाबासाहेब बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला गेले. तिथे आता त्याची आठवण म्हणून संकल्पभूमी हे स्मारक आहे, आपण शाळेत असताना त्याच बागेत टॉय ट्रेनच्या लाइनीत उभे राहायचो आणि आपल्याला यातलं काही कोणी सांगितलं नव्हतं.

हे का आठवलं ते सांगतो, आणि हे तुला ताईंनी नक्कीच सांगितलेलं नाही. ग्रुपवर कोणीतरी त्या मुलाच्या नावाने एक घाण स्टिकर टाकला, कोणी ते विचारू नकोस, तुझा भाचा नव्हता, पण अंगठा त्याने पण दिला होता. ते त्या मुलाच्या रूम पार्टनरने बघितलं, त्याने सेक्रेटरींना विचारलं, आणि सेक्रेटरींनी फ्लॅटच्या मालकाला फोन केला. मालक म्हणाला मने लफडुं नथी जोईतुं, महिनाअखेर खाली करा. मालक वाईट माणूस नाही, सेक्रेटरी पण नाहीत, त्यांना फक्त शांतता पाहिजे. म्हणजे बघ, बोलणारे सगळे चांगल्या मनाचे, सगळे जागच्या जागी, आणि परीक्षा तोंडावर असताना वाघोडिया रोडवर खोली शोधत फिरतोय तो एकटा. दोन ठिकाणी त्याला बघितल्यावर खोली भरली म्हणून सांगितलं, ते पण हसून, पाणी बिणी विचारून.

म्हणून हेतू महत्त्वाचा आहे की नाही असं तू मला काल तीनदा विचारलंस त्याचं माझं उत्तर असं की आहे, पण तू म्हणतोस त्या कामासाठी नाही. त्या मुलाला लागलं की नाही हे तुझ्या भाच्याच्या मनावरून ठरत नाही. भाच्याशी आता काय करायचं हे मात्र त्यावरून ठरतं, आणि त्याचं मन चांगलं आहे म्हणूनच मी एवढं लांबलचक लिहीत बसलोय, त्या स्टिकरवाल्यासाठी मी एक ओळ पण लिहिली नसती.

तर आता काम सांगतो. मी मालकाशी बोललोय, दोन महिने थांबायला तो जवळजवळ तयार आहे, सोसायटीतल्या कोणीतरी जबाबदारी घ्या म्हणतो, ती मी घेतो. तू रविवारी भाच्याला फोन कर. ताईंना मधे घेऊ नकोस, त्या रडतील आणि मग विषय ताईंचा होईल. त्याला माफी माग वगैरे भाषण देऊ नकोस, तो मामाचं ऐकतो कारण मामा भाषण देत नाही. त्याला एवढंच सांग की वर जाऊन बेल वाजव, आणि त्या मुलाला त्याच्या नावाने हाक मार. नाव त्याला येतं, दवाखान्याच्या फॉर्मवर त्यानेच लिहिलं होतं, स्पेलिंगसकट. आणि खोलीचं पण विचार. पुढे तो मुलगा दार उघडेल नाही उघडेल, खाली खेळायला येईल नाही येईल, ते त्याचं त्याला ठरवू दे, तिथे उभं राहून "अरे प्यार से बोला था" असं परत सुरू करायचं नाही हे मात्र दोनदा सांग.

बाकी ठीक. बाबांच्या गुडघ्याचं काय झालं ते लिही. वहिनींना लीलो चिवडो पाठवतोय, शेजारची मुलगी दादरला येणार आहे तिच्याबरोबर, अर्धा किलो आहे, तू रस्त्यात उघडू नकोस. आणि हे पत्र भाच्याला वाचून दाखवू नकोस बाबा, तो माझ्याशी बोलायचा बंद होईल आणि लिफ्ट बंद असली की माझा गॅसचा बाटला तोच वर चढवतो.

तुझाच,
ढापण्या